अडतीसपैकी सोळा

३ फेब्रुवारी

बाबांच्या डॉक्टरांनी बजावलंय की तोंडी तक्रारी चालणार नाहीत. काय विसरले, कधी विसरले, किती वेळा, ते दोन महिने लिहून काढा आणि एप्रिलमध्ये वही घेऊन या. म्हणून ही वही. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर आकडेच लिहिते, त्यात आणखी एक नोंद.

आजचं: न्हाणीघरातला दिवा सकाळपासून चालू. चष्मा फ्रिजवर. मांजराला दुपारी खायला दिलं नाही.

शेवटचं सगळ्यांत गंभीर. मी चारला घरात पाऊल टाकलं तर मास्तरीण, म्हणजे आमचं मांजर, दारातच घसा फाटेस्तोवर ओरडत होती. वाटी चाटूनपुसून कोरडी. बाबांना विचारलं तर म्हणाले, "दोनदा दिलं. अकराला आणि अडीचला. हिची भूकच भागत नाही गं."

चौदा वर्षांचं मांजर दोनदा खाऊन असं ओरडेल का? हात फिरवला तर बरगड्या मोजता येत होत्या.

६ फेब्रुवारी

किल्ली सापडत नव्हती, पंधरा मिनिटं शोधली. माझ्या पर्समध्ये निघाली, तेव्हा ही नोंद धरायची नाही.

बाबांनी कॅलेंडरवर मांजराला दिल्याच्या खुणा करायला घेतल्यात. पेन्सिलीने, अगदी बारीक. चाळीस वर्षं पुलांचे नकाशे काढले, रेघ अजून सरळ येते. पण खूण केली म्हणजे दिलं असं थोडंच आहे? दादाला फोनवर हेच म्हटलं, "खुणा करतात आणि द्यायचं विसरतात. मांजर उपाशी मरतंय घरात." दादा म्हणाला, आपण काहीतरी ठरवायला हवं. बाबा तेव्हा बाल्कनीत होते, दार उघडं होतं. ऐकलं की नाही कोण जाणे.

१२ फेब्रुवारी

आजपासून खाण्याचा डबा माझ्या कपाटात, कुलपात. सकाळी निघताना मी देणार, आल्यावर मी देणार. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं." फक्त एवढंच. भांडले असते तर सोपं गेलं असतं.

मास्तरीण भलतीच वागते आहे. या वयात कपाटाच्या माथ्यावर उडी मारते, पडद्याला लटकते. वाटीतलं पाणी दोनदा भरावं लागतं. ओट्यावरचं दुधाचं पातेलं तिने झाकणासकट पाडलं. आई असती तर म्हणाली असती, बघा, म्हातारपणी तारुण्य आलं बाईला. नाव आईनेच ठेवलं होतं. समोर बसून डोळे रोखते, गृहपाठ केला नसल्यासारखं वाटायला लावते, म्हणून मास्तरीण.

बाबांबद्दल: सकाळी जाग आल्यावर पडल्या पडल्या काहीतरी पुटपुटतात. विचारलं तर "काही नाही." नवीन लक्षण म्हणून लिहिते.

२२ फेब्रुवारी

दहा दिवस मी स्वतः मोजून खायला घालते आहे. भरपूर खाते, तरी आज मी तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले आणि नंतर एकटी. फरक तीन किलो शंभर. दोन वर्षांपूर्वी लसीच्या कार्डावर चार आठशे लिहिलंय.

मग ते खाणं जातं कुठे? जंत असतील. बाबा म्हणाले, "डॉक्टरकडे नेऊ या ना. मी कधीचं म्हणतोय." कधीचं म्हणताहेत ते मला आठवत नाही.

२४ फेब्रुवारी

हे लिहायला नको वाटतंय. पण खरं लिहायचं ठरलंय.

प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत. त्यांनी मास्तरणीला टेबलावर घेतलं, छातीला नळी लावली आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. मिनिटाला दोनशे चाळीस ठोके. मग मान वर करून गळ्यावरून दोन बोटं हळूच खाली नेली. "हं. इथे बघा. वाटाण्याएवढी गाठ सरकते बोटाखाली."

मी बोट लावलं. सरकली.

"खाते भरपूर आणि तरी वाळते. असं कधीपासून?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "नोव्हेंबरपासून. आधी पाणी जास्त प्यायला लागली, मग भूक वाढली. डिसेंबरात रात्री ओरडणं सुरू झालं. जानेवारीत केस विस्कटलेले दिसायला लागले, पूर्वी कशी चाटून चकचकीत असायची." तारीखवार सांगितलं. एक गोष्ट चुकली नाही.

"थायरॉइड असणार," त्या म्हणाल्या. "ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आणि आतली भट्टी धगधगत राहते. कितीही खाल्लं तरी जळून जातं. म्हाताऱ्या मांजरांत फार दिसतं हे. खातंय, उड्या मारतंय म्हणून लोक खूश असतात आणि उशिरा आणतात. तुम्ही नीट लक्ष ठेवलंत, आजोबा." मग रक्त घेतलं. थायरॉइडचा टी-फोर, किडनी, लिव्हर.

टी-फोर! माझ्या हाताखालून रोज साठ-सत्तर माणसांचे टी-फोर जातात. वजन घटलेलं, छातीत धडधड, घाम, चिडचिड, असे किती रिपोर्ट सहीला पाठवले असतील. आणि घरात ही बया माझ्या पायात घुटमळत होती.

म्हणजे बाबा खायला देत होते. दोनदा, वेळेवर. खुणा खऱ्या होत्या.

परतीच्या वाटेवर मला ते म्हणायचं होतं. पिंजरा मांडीवर होता, ती आत रडत होती, ते तिला चुचकारत होते. मग घर आलं. राहून गेलं.

२७ फेब्रुवारी

टी-फोर दहा पूर्णांक दोन. चारच्या वर जायला नको. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, आयुष्यभर. दुसरे उपाय आहेत, गाठ काढणं किंवा एका दूरच्या शहरात मिळणारं किरणोत्सर्गी आयोडीनचं इंजेक्शन, पण आधी गोळ्यांनी ग्रंथी काबूत आणून किडनी कशी राहते ते बघायचं. कारण म्हणे या आजारात रक्त इतक्या जोरात धावतं की खराब किडनीसुद्धा रिपोर्टात चांगली दिसते. चाळीस गोळ्या दिल्यात. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त.

बाबा म्हणाले, "गोळी मी देतो. मला दिवसभर दुसरं काय काम आहे?"

मी म्हटलं, "नको. यात एकही चुकून चालत नाही."

कुलूप काढलं मात्र. खाण्याचा डबा पुन्हा ओट्यावर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही, सरळ करून ठेवला फक्त.

२ मार्च

गोळी देणं म्हणजे कुस्ती. जबडा उघडायचा, जिभेच्या मुळाशी टाकायची, तोंड मिटून गळा चोळायचा. ती गिळल्याचं नाटक करते आणि सोफ्यामागे जाऊन थुंकते. आज उजव्या अंगठ्यात दात रुतले. लॅबमध्ये हातमोज्याखाली दिवसभर ठणकत होता.

८ मार्च

सकाळची राहिली. साडेसहाला लॅब उघडते, उपाशीपोटीचे लोक बाहेर रांगेत असतात. ती पलंगाखाली कोपऱ्यात, मी जमिनीवर पालथी, बस चुकायची वेळ. सोडून दिलं. संध्याकाळी दिली.

परवाचीही राहिली होती. आणि त्याच्या आदल्या दिवशीची, वाटतं.

१३ मार्च

बाबा सोफ्याखाली बॅटरी मारून काहीतरी शोधत होते. गुडघ्यावर, या वयात. "काय हरवलं?" तर "काही नाही, असंच." खिशात काहीतरी टाकलं. लिहून ठेवते.

मास्तरीण थोडी शांत आहे का? असावी. गोळीचा परिणाम. आज सकाळी दिली नाही, संध्याकाळी बहुतेक गिळली.

१८ मार्च

सकाळी लॅबमध्ये एक गृहस्थ आले, साखरेच्या तपासणीला. "काही खाल्लं नाही, पाण्याचा थेंबही नाही." शर्टावर बिस्किटाचा चुरा! मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, "साहेब, तुम्ही मला फसवत नाही, स्वतःला फसवताय. उद्या चुकीच्या आकड्यावर चुकीचं औषध मिळालं तर कोण भोगणार?" गृहस्थ कानकोंडे होऊन निघून गेले. मला बरं वाटलं होतं.

संध्याकाळी दवाखाना. आठ पूर्णांक एक. डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "एवढ्या गोळ्यांनी याहून खाली यायला हवं होतं. एखादी चुकली का? थुंकली? खरं सांगा, सगळ्यांचं होतं असं."

त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. नुसतं आत जायचं होतं.

मी म्हटलं, "एकही नाही. मी लॅबमध्येच काम करते, मला कळतं याचं महत्त्व."

बाबा शेजारी उभे होते. माझ्याकडे बघितलं नाही, पिंजऱ्याच्या कडीशी खेळत राहिले.

"मग डोस दुप्पट करू," त्या म्हणाल्या. नवीन गोळ्या, दुप्पट ताकदीच्या.

२० मार्च

आता एकही चुकवणार नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून, गोळीला लोणी लावून, पाचच मिनिटं लागतात. आधीच का सुचलं नाही? पंधरा मिनिटं लवकर उठायचं, बाकी काय होतं त्यात?

पुढच्या वेळी रिपोर्ट चांगला येईल आणि सगळं मिटेल.

२ एप्रिल

दोन दिवस खात नाही. भुकेने घर डोक्यावर घेणारी बाई वाटीचा वास घेऊन तोंड फिरवते. तीनदा उलटी. उन्हात अंग चोरून बसते, उठतच नाही. बाबा तिच्याजवळ जमिनीवर बसून असतात.

नियमाने दिली की. एक चुकली नाही. मग?

मग काय ते मला माहीत आहे. मला काल संध्याकाळीच कळलंय.

४ एप्रिल

टी-फोर नुसता अर्धा. शून्य पूर्णांक पाच. किडनीचा आकडा एक पूर्णांक सहावरून दोन पूर्णांक नऊ. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "हे कळत नाही मला. त्या डोसला आठ आणि याला अर्धा? एवढी उडी पडत नाही. आणि ग्रंथी अशी दाबली गेली की किडनीला रक्त कमी पडतं, तिचं झाकलेलं दुखणं उघडं पडतं. तुमच्याकडून आधीच्या गोळ्या खरंच..."

तेवढ्यात बाबांनी खिशातून काडेपेटी काढली, टेबलावर ठेवली आणि उघडली. आत गोळ्या. पहिल्या, छोट्या. काही अर्धवट विरघळलेल्या, एकीला केस चिकटलेला.

"नऊ आहेत," बाबा म्हणाले. "सोफ्याखाली सापडल्या. माझ्या हातून पडल्या असणार. मी दिलेल्या आठवत नाहीत मला, पण हल्ली माझं तसं होतं. हिने कितीदा सांगितलं, तुम्ही देऊ नका म्हणून. मी दिल्या असणार. म्हणजे हिने एक दिली, मी एक दिली, मांजराने थुंकली... काय झालं असेल ते असेल. चूक माझी, डॉक्टर. हिला बोलू नका."

त्यांनी काडेपेटी डॉक्टरीणबाईंकडे सरकवली.

डॉक्टरीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "असू दे, आजोबा. होतं." आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मी तिथे उभी होते. माझ्या बापाने माझ्यासमोर माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि ती सुद्धा मला वाचवायला नाही, तर खरंच आपली समजून. आणि मी पिंजरा उचलला आणि विचारलं, "आता गोळ्या बंद करायच्या का?"

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. दुसरं एकही निघालं नाही.

मास्तरीण दवाखान्यातच आहे, सलाईनवर.

५ एप्रिल

पहाटेपासून जागी. खणातून जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या. चाळीसपैकी पंधरा शिल्लक, म्हणजे पंचवीस बाहेर निघाल्या. त्यातल्या नऊ काडेपेटीत. पोटात गेल्या सोळा. अठरा मार्चच्या सकाळपर्यंत द्यायच्या होत्या अडतीस.

अडतीसपैकी सोळा. निम्म्याही नाहीत.

लॅबच्या जिन्यात उभी राहून दवाखान्यात फोन केला. वाटलं होतं, सुरुवात कशी करायची ते ठरवून ठेवलंय, पण नुसता आकडाच सांगितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि आजोबा?"

"त्यांनी एकही दिलेली नाही. मी देऊच दिली नाही."

"हा आकडा मला अठरा तारखेला हवा होता," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी रडून मोकळी झाले असते. "पहिलाच डोस बरोबर होता कदाचित. आता गोळ्या थांबवल्यात. सावरली की अगदी कमीवर सुरू करू. किडनीचं जे उघडं पडलं ते आज ना उद्या दिसणारच होतं, तेवढं सगळं तुमच्या माथी नाही. पण बाकीचं..."

"हो," मी म्हटलं.

"आजोबांना सांगितलंत?"

६ एप्रिल

सांगितलं.

चहा झाल्यावर, समोर बसून. माझं लग्न मोडलं तेव्हाही इतकी मान खाली घातली नव्हती मी. अडतीस आणि सोळा सांगितले. दवाखान्यात मी खोटं बोलले ते सांगितलं. फेब्रुवारीतल्या खाण्याबद्दलही सांगितलं, की तुम्ही देत होतात, मला दीड महिन्यापूर्वीच कळलंय आणि मी बोलले नाही.

बाबांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "म्हणजे मी नव्हतो."

"नाही, बाबा."

"गोळ्या मी नव्हत्या दिल्या."

"नाही."

"नव्हतोच मी," ते पुन्हा म्हणाले, आणि चेहरा असा सैल पडला की मला वाटलं, हसतील. माझ्याकडे बघितलं आणि हसू आलं तसंच परत गेलं.

"तुला माहितीये का," ते म्हणाले, "दोन महिने मी सकाळी उठलो की आधी स्वतःचं नाव म्हणून बघायचो. मग तुझं. मग तुझ्या आईचं. मग वार. सगळं बरोबर आलं की मग पाय खाली टाकायचो."

मी ते लक्षण म्हणून लिहिलंय. बारा फेब्रुवारीच्या पानावर आहे.

"बाबा, मला..."

"आत्ता नको," ते म्हणाले. उठले, खोलीत गेले, दार लावलं. आपटलं नाही.

८ एप्रिल

स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतात आणि खोलीत जेवतात. माझ्याशी बोलतात ते सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलावं तसं. "पाणी आलंय." "मी खाली जाऊन येतो." दादाला फोन करून मी सगळं सांगितलं, माफी नको, फक्त ठरवाठरवी बंद कर म्हटलं. दादा म्हणाला, "तू तर म्हणालीस..." हो. मीच म्हणाले.

मास्तरीण घरी आली. वजन दोन नऊशे. थोडं खाल्लं. बाबांच्याच हातून.

११ एप्रिल

बाबांचे डॉक्टर. वही मागितली. मी म्हटलं, "डॉक्टर, यातलं अर्धं खोटं आहे. मुद्दाम नाही लिहिलं, पण खोटं आहे. विसरल्याच्या मोठ्या नोंदी माझ्या आहेत, यांच्या नाहीत." बाबा भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होते.

डॉक्टरांनी त्यांना घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला लावले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. पाचपैकी तीन शब्द आठवले. घड्याळ तर छापल्यासारखं. थोडं विसरणं आहे, वयाचं असेल, पुढचं सुरू होत असेल, सहा महिन्यांनी बघू, असं म्हणाले. केसपेपरवर "मांजराला अन्न देण्यास विसरतात" लिहिलेलं होतं, मीच फेब्रुवारीत फोनवर सांगितलेलं. ते खोडायला सांगितलं. डॉक्टरांनी खोडलं, पण खालचं वाचता येतं अजून.

१४ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी गोळीऐवजी मलम दिलंय. औषध तेच, कानाच्या आत चोळायचं. कमी डोस, सकाळी सात, संध्याकाळी सात, एका वेळी एक कान. हाताला लागू द्यायचं नाही म्हणून बोटात रबरी मोजा. त्यांनी नळी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कोण लावणार?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी नळी उचलून खिशात टाकली.

बाहेर पडल्यावर म्हणाले, "एक आहे. रोज संध्याकाळी येऊन 'लावलं का, लावलं का' करायचं नाही."

"नाही करणार."

२८ एप्रिल

दोन आठवड्यांचा रिपोर्ट आला. टी-फोर दोन पूर्णांक सहा. किडनी दोन पूर्णांक एक, ती आता एवढीच राहणार, तिला वेगळं खाणं. वर्ष मिळेल, दोन मिळतील, नीट सांभाळलं तर जास्त. डॉक्टरीणबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा सरळ माझ्याकडे बघून सांगितलं. मला ते सोसवेना, पण मान वळवली नाही.

आज लॅबमध्ये मशीन अडलं, घरी यायला पावणेआठ झाले. बाबा दिवाणखान्यात वर्तमानपत्र घेऊन. मास्तरीण त्यांच्या पायाशी, पाठीची खळी थोडी भरलीये. चौदा दिवस विचारलं नाही. पण प्रश्न रोज ओठांवर येतो. मी चपला जागेवर लावल्या, पुन्हा लावल्या.

बाबांनी पेपर खाली केला. "विचारायचंय?"

"नाही."

"विचार."

"लावलं का, बाबा?"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "नाही. विसरलो."

एवढंच. ना कारण, ना बस, ना पलंगाखालचा कोपरा. मला हा एक शब्द महिनाभर उच्चारता आला नाही.

मी तिला टॉवेलमध्ये धरलं. बाबांनी बोटात मोजा चढवला, कान उलटा केला आणि बोट गोल गोल फिरवत मलम लावलं. तिने माझ्याकडे रोखून बघितलं.

"पाऊण तास उशीर झाला," ते म्हणाले. "त्या बाईंना कळवायला हवं."

"मी करते फोन."

"तू कशाला?" मोजा काढून त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला. "विसरलो मी, मी सांगतो."